सुपारीचं धोतर

बजेटच्या दिवशी आबाजी उपास करायचे. एकादशी नाही, चतुर्थी नाही, बजेट. सकाळी अंघोळ करून ट्रंकेतलं पांढरं धोतर काढायचे, वर काळा कोट, डोक्याला रुमाल. पायात मात्र तीच फाटकी चप्पल, कारण जोडे त्यांच्याकडे नव्हतेच. अशा थाटात ते ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे आणि मोबाइल घेऊन येणाऱ्या माझी वाट बघायचे.

ते धोतर त्यांच्या मुलीच्या सुपारीचं. आमच्याकडे लग्न जमलं की चार माणसांच्या देखत सुपारी फोडतात. फुटली की शब्द पक्का. मग दोन्हीकडचं कोणी फिरत नाही, आणि फिरलाच तर त्याच्या दारी पुढची सोयरीक येत नाही. मुलगी केव्हाच धनजला नांदायला गेली. तिची मुलं कॉलेजात गेली. धोतर ट्रंकेत राहिलं आणि वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, बाहेर यायला लागलं.

"आज सरकार आपल्याशी बोलाले येऊन राह्यलं," ते म्हणायचे. "मंग काय लुंगीवर बसू?"

त्यांची बायको, म्हणजे आजी, चुलीपासून ओरडायची, "अवो, तुमाले पाहून नाई राह्यलं ते सरकार! थ्या डब्यातून त्याले काय दिसते?" कारण मोबाइलचा आवाज मोठा व्हावा म्हणून मी तो रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा करायचे. आजी अशी बोलायची, पण त्या दिवशी तीही भाषण संपेपर्यंत जेवायची नाही. हे मला दोन वर्षांनी कळलं.

भाषण दिल्लीच्या भाषेत. मी ऐकायचे आणि वऱ्हाडीत सांगायचे. भाषणात शेतकऱ्याचं नाव आलं की सभागृहात बाकं वाजायची आणि आबाजी हात वर करायचे.

"थांब. आता पाह्य."

"काय पाहू, आबाजी? नाव तर घेतलं आपलं."

"मांडवात मानसाचं नाव दोनच कामासाठी पुकारते. एक तं त्याले मान द्याचा असते, नाई तं खुर्च्या उचलाच्या असते. कायच्यासाठी पुकारलं ते समजेपर्यंत उठू नाई."

मी रिसोडची. कॉलेज सोडल्यापासून शेतकऱ्यांच्या पोरापोरींची एक लहानशी संघटना चालवते. पत्रकं लिहिते, छापते, वाटते. आबाजींची ओळखही पत्रकामुळेच झाली. त्यांच्या गावात पारावर मी ओरडून ओरडून पत्रक वाटत होते. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: अर्थसंकल्पाकडून आमच्या अकरा मागण्या. सगळे घेत होते, घडी करून खिशात टाकत होते. एका उंच, हडकुळ्या म्हाताऱ्याने ते घेतलं, उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"पोरी, बैलाले अकरा कासरे लावशीन तं तो चालन कोनीकडे?"

मला राग आला. मला राग लवकर येतो. मी म्हटलं, "आबाजी, अकराच्या अकरा रास्त आहेत. यातली कोणती कापू तुम्हीच सांगा."

"मी कायले कापू? मले एकच पाह्यजे."

"कोणती?"

"यात नाईच ते."

एवढं बोलून ते निघाले. मी मागे गेले. असं कोणी माझ्या पत्रकाला म्हटलं नव्हतं. गोठ्यापाशी ते थांबले. दोन बैल होते. एकाचं नाव दिवाण, कारण तो मान ताठ ठेवून चालायचा. दुसऱ्याचं वकील, कारण चार वेळा हाक मारल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. सगळ्या गावाचं काम ट्रॅक्टरवर गेलं होतं. ही गावातली शेवटची जोडी. पोळ्याला तोरणाखालून पहिली जायचा मान हिचाच.

दिवाणच्या पाठीवर हात फिरवत त्यांनी मला ते एक मागणं सांगितलं. पुढे त्यांच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलं की आजही तसंच्या तसं सांगू शकते.

"जे कराचं ते पेरनीच्या आधी सांगा. आन सांगतलं तं साल पुरं होईपर्यंत फिरू नोका."

बस. कर्जमाफी नाही, अनुदान नाही, फुकट काही नाही. मी विचारलं, "पण आबाजी, बाहेरून तेल आणून सोयाबीनचे भाव पाडतात, त्याचं काय?"

"आना म्हनतो मी तेल. गरिबाले सस्तं तेल नोको का? मी काय सोयाबीन पेतो? मीबी दुकानातूनच आनतो. पन मले पयले सांगा. मंग मी सोयाबीन नाई पेरत. तूर पेरतो, हळद लावतो, काईबी करतो. पेरल्यावर सांगान तं वावर परत कोरं होते का?"

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकलं. त्यांच्यासाठी मी पत्रक. "आलं का पत्रक? चहा ठेव वं, पत्रक आलं!" मी चिडायचे, ते हसायचे.

त्यांचं सगळंच काही शहाणपणाचं नव्हतं. विमा काढायला आलेल्या पोराशी ते दुपारभर वाद घालायचे आणि शेवटी विमा काढायचेच. टीव्हीवर शेतकऱ्याला कोणी बळीराजा म्हटलं की उठून टीव्ही बंद करायचे, मग तो शेजाऱ्याचा का असेना. आणि ज्ञानही पक्कं नव्हतं. आयात शुल्क, वस्तू व सेवा कर, शेतसारा, सगळ्याला एकच शब्द: टॅक्स. मी फरक समजावला की मान हलवायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तेच.

पण एक प्रसंग सांगते. रिसोडहून वाशीमला जाणारी एसटी. आबाजींच्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात सोयाबीनवर फवारायच्या औषधाची बाटली. शेजारी एक सद्गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, पगारदार. शेतीचा विषय निघाला आणि त्यांनी ते वाक्य टाकलं जे मी हजारदा ऐकलंय: "तुमचं बरं आहे हो. तुम्हाला टॅक्स नाही. आम्हीच भरायचा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबाजींनी पिशवीतून बाटली काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. ते गृहस्थ दचकून सरकले.

"भेऊ नोका, बूच लागलेलं हाये. याच्यात टॅक्स हाये. खतात हाये. फवाऱ्याच्या पंपात हाये. कंपनीनं भरला, तिनं दुकानदारावर टाकला. दुकानदारानं भरला, त्यानं माह्यावर टाकला. आता मी कोनावर टाकू?" खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "त्या ढगावर टाकू?"

बसमध्ये हशा झाला. गृहस्थही हसले. आबाजी हसले नाहीत. त्यांनी बाटली परत पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "तुमी भरता, मीबी भरतो. दोघं मिळून इचारू ना त्याले, का बापा, केलं काय तुनं त्या पैशाचं? मले काहून इचारता?"

हे मी सगळ्यांसाठीच लिहिते आहे. देशाची करदाते आणि फुकटे अशी वाटणी करणाऱ्यांनी एकदा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरसमोर उभं राहावं. व्यापारी खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याच्या विक्रीवर कर नाही, म्हणून त्याला वळता करायला जागाच नाही. सूट म्हणून जे मिरवतात, त्याच सवलतीने त्याचे हात बांधलेले आहेत. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांवरचा कर उतरवला तेव्हा आबाजी म्हणाले होते, "चांगलं झालं. चांगल्याले चांगलं म्हनाव मानसानं." आणि मग दिवाणकडे बघून, "तुह्यासाठी काईच नाई निघालं रे, बाप्पा."

आता ते वर्ष.

एका पावसाळ्याच्या शेवटी, सोयाबीन शेंगात भरत असताना, बातमी आली की परदेशातून येणाऱ्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. म्हणजे बाहेरचं तेल महाग पडणार, तेलगिरण्या इथलं सोयाबीन मागणार. हे शुल्क खाली असलं की रिसोडच्या बाजारात व्यापारी आमच्या ढिगाला चपलेने उकरतो आणि पुढे जातो. ते वर गेलं की तोच व्यापारी वाकून दाणा तोंडात टाकून बघतो. आमची सगळी आशा त्या वाकण्यात असते.

मी गावात पोचले तर आबाजी धोतर नेसून पारावर बसलेले. फेब्रुवारी नाही, बजेट नाही. समोर ताटलीत फोडलेली सुपारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून हातावर तुकडा ठेवत होते.

"घ्या घ्या. सुपारी फुटली."

"कोनाची, आबाजी?"

"सरकारची आन कास्तकाराची! साऱ्या देशादेखत बोलले ते."

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "आबाजी, ही नुसती अधिसूचना आहे. एका कागदाने आलं, दुसऱ्या कागदाने जाईल. ते कधीही फिरवू शकतात."

त्यांचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. "तू लेकरू हायेस. तुले कागद दिसते. शब्द देल्ला त्याईनं."

"शब्द नाही दिला. शुल्क वाढवलं."

"आपल्या गावात असं कोनी फिरते का? फिरला तं त्याले पोरगी कोन देईन?"

त्यांच्या चुकीचं मूळ हे होतं, आणि मला अजूनही ती चूक म्हणवत नाही. जो न्याय गावातल्या सगळ्यात गरीब माणसालाही पाळावा लागतो, तोच सरकारही पाळत असेल असं ते धरून चालले.

सोयाबीन निघालं. भाव लगेच चढला नाही. गाव विकून मोकळं झालं. आबाजींनी पोती घरात रचली. पुढची खोली भरली. आजीचं अंथरूण दोन थप्प्यांच्या मधल्या बोळात गेलं. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागायचं.

"बुढ्या, पोतेच नांदवतं का घरात आता?"

"पोते नोको म्हनू. दिवाणचा जोडीदार हाये तो."

वकील म्हातारा झाला होता. त्या मालावर नवा गोऱ्हा यायचा होता, बैलांच्या खुराकाला वर्षाची ढेप आणि कडबा यायचा होता. माल चांगल्या भावाने गेला तर जोडी राहणार होती. सगळ्या गावाला हे माहीत होतं. लोक घरावरून जाताना विचारायचे, "आबाजी, कुठवर आला गोऱ्हा?" ते खिडकीतून दिसणाऱ्या पोत्यांकडे बोट दाखवायचे. "हा काय, बसला हाये."

फेब्रुवारीत धोतर पुन्हा निघालं. भाषणात शुल्काला हात लागला नाही. आबाजींनी भाषण संपल्यावर भाकर मोडली आणि मला म्हणाले, "पाह्यलं? फिरले नाई."

उन्हाळा सरता सरता, गावात बियाणं येऊन पडलेलं असताना, कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क कमी केल्याची बातमी आली. बजेट नव्हतं, भाषण नव्हतं, कोणी बाकं वाजवली नाहीत. एक कागद.

मीच सांगायला गेले. आबाजी गोठ्यात वकीलच्या मानेला तेल लावत होते. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"फिरले?"

"हो."

"कोनाले इचारलं?"

"तसं विचारत नाहीत, आबाजी."

"बियानं आनल्यावर?"

बोलायला माझ्याकडे एक आख्खं पत्रक होतं, आदल्या रात्री संतापात लिहिलेलं. ते पिशवीतच राहिलं.

त्यांनी हात धुतले. आत गेले. बाहेर आले ते धोतर नेसून. मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. आजीही पदर सावरत दारात आली. "अवो, कोनीकडे निंगाले?"

"ज्याईले सुपारी देल्ली त्याईच्या घरी."

आणि ते खरंच गेले. सोयरीक मोडली की मुलीच्या बापाने, ज्यांच्या देखत सुपारी फुटली त्यांना स्वतः जाऊन सांगावं, असा त्यांचा हिशोब. मी मागोमाग चालले. पहिल्या घरी दारात उभे राहून त्यांनी हात जोडले.

"भाऊ, मी तुले सुपारी देल्ली होती. खोटी निंगाली. माफ करजो."

तो माणूस हसला. "काय आबाजी, गंमत करता!" मग त्याला त्यांचं धोतर दिसलं, जोडलेले हात दिसले आणि त्याचं हसू तोंडावरच राहिलं. दुसऱ्या दारी कोणी हसलं नाही. एका घरी म्हातारी रडायला लागली. एका पोराने मोबाइलवर चित्रण करायला घेतलं, त्याच्या बापाने त्याचा हात खाली केला. बौद्धपुऱ्यात एक निवृत्त तलाठी राहायचे, त्यांनी आबाजींचे जोडलेले हात आपल्या हातात धरले आणि म्हणाले, "आबाजी, माफी तुमी कायले मागता? ज्यानं मागाले पाह्यजे त्याले आपलं गावबी मालूम नाई."

"म्हनून तं मी मागून राह्यलो," आबाजी म्हणाले. "कोनी तं मागाले पाह्यजे ना?"

मी मोर्चे पाहिलेत. रास्ता रोको केलाय, घोषणा देऊन घसा बसवलाय. त्या संध्याकाळी एका म्हाताऱ्याच्या मागे मी गप्प चालत होते आणि मला कळत होतं की एवढं भेदक पत्रक मला जन्मात लिहिता येणार नाही.

पावसाच्या ओलीत माल ठेवता येत नाही. पोती गेली, मिळेल त्या भावाने. गोऱ्हा आला नाही. ढेपही भरली नाही. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली आणि त्यानंतर जोडी आसेगावकडच्या एका शेतकऱ्याला दिली. शेतकामालाच घेणारा माणूस होता, तेवढं आबाजींनी पाहून घेतलं. टेम्पोत दिवाण मान ताठ ठेवून चढला. वकील अडला. तो नेहमीच अडायचा.

"आबाजी, एक हाक मारा ना," घेणारा म्हणाला. "तुमच्याशिवाय तो नाई हालत."

आबाजी गोठ्याकडे तोंड करून उभे राहिले. हाक काही मारली नाही. शेवटी आजी घरातून आली, वकीलच्या पाठीवर तिने तळहात ठेवला, काहीतरी पुटपुटली, आणि तो चढला.

मग पोळा. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे करून झडत्या म्हणतात. दोन-चार ओळींची यमक जुळवलेली टोलेबाजी, तिच्यात गावचा सरपंच सुटत नाही आणि दिल्लीचं सरकारही नाही; शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. गावाचे झडतीवाले आबाजीच. आदल्या पोळ्याची त्यांची झडती अजून पोरांच्या तोंडी होती:

बजेट आलं, बजेट आलं, तोरण बांधा दारी,
नाव आमचं पैल्या पानी, बाकी पानं कोरी!

यंदा तोरणाखाली ट्रॅक्टर होते, झुली घातलेले, बोनेटवर बेगडाची शिंगं लावलेले. शेजारी मंडप, मंडपात वरून आलेले एक साहेब. पहिल्या जोडीची जागा रिकामी ठेवली होती. आबाजी आले. नेसूला सुपारीचं धोतर, खांद्यावर दोन रिकामे कासरे. त्या रिकाम्या जागेत जाऊन उभे राहिले.

पोरं ओरडली, "आबाजी, झडती!"

सरपंच कानाशी आले. "आबाजी, दमानं घेजा. पाव्हने हायेत."

आबाजींनी साहेबांकडे बघून हात जोडले. "साहेब, यंदा झडती नाई. झडती म्हनाले मांगं बैल लागते. यंदा मी सरळ मागतो. जे कराचं ते पेरनीच्या आधी सांगा. आन सांगतलं तं साल पुरं होईपर्यंत फिरू नोका."

साहेब उठले, खाली आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, मुद्दा अगदी रास्त आहे तुमचा. मी वर पोचवतो. बजेटच्या आधीच पोचवतो."

"पोचवा. पन पोचलं का नाई ते मले सांगजा."

"नक्की."

टाळ्या झाल्या. महादेवाचा गजर झाला. ट्रॅक्टर सुरू झाले आणि त्यांच्या धुरातून आबाजी घराकडे चालायला लागले. मीही.

पोळ्याला तोरणाखालून आलेले बैल घरोघर नेतात. दारात बाई त्यांच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते, पुरणपोळी चारते. बैल नव्हते, तरी आजीने पुरण घातलं होतं. ती ताट घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, सवयीने उभी राहिली असेल. आबाजी समोर आले तसं ती म्हणाली, "थांबा तिथंच."

तिने त्यांच्या फाटक्या चपलांवर तांब्यातलं पाणी घातलं. कपाळाला कुंकू लावलं. ओवाळलं. आबाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जसे बैल करतात तशी मान खाली घातली. आजीने पोळीचा घास त्यांच्या तोंडापुढे धरला.

"खा," ती म्हणाली. "तुमीच उरले आता."

त्यांनी तिच्या हातातून तो खाल्ला.

थंडीत ते गेले. झोपेत. कोणाला उठवलं नाही.

साहेबांकडून काही निरोप आला का, म्हणून ते शेवटपर्यंत विचारत होते. आला नव्हता.

फेब्रुवारीत मी जावं की नाही, ठरत नव्हतं. गेले. आजी ओसरीवर होती. भिंतीपाशी, त्यांच्या जागेवर, ते धोतर धुऊन घडी करून ठेवलेलं. रिकामा डबा शेजारी. चूल थंड.

"बस," ती म्हणाली. "लाव."

मी मोबाइल डब्यात उभा केला. भाषण सुरू झालं. मी वऱ्हाडीत सांगत राहिले, ती ऐकत राहिली. शेतकऱ्याचं नाव आलं, बाकं वाजली. आजीने हात वर केला. मी थांबले. नाव कशासाठी घेतलं ते ऐकून तिने हात खाली घेतला.

भाषण संपलं. तिने डब्याकडे बोट दाखवलं.

"पेरनीच्या आधी सांगतो म्हनले का?"

"नाही, आजी."

"फिरनार नाई म्हनले का?"

"नाही."

तिने धोतर उचललं, घडीवरून एकदा हात फिरवला आणि ट्रंक उघडली.

"मंग अजून सुपारी फुटली नाई," ती म्हणाली. "पुढच्या साली येजो."